जुन्या मॉडेल इंजिनाला हेडलाइट बसवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मॉडेल रेल्वेचं, एचओ स्केलचं (खऱ्याच्या १:८७ आकाराचं) जुनं डिझेल इंजिन, मुळात दिवा नसलेलं. आज ते साध्या डीसी कंट्रोलरवर धावतं, पुढेमागे डीसीसी (रुळांवरूनच डिजिटल आदेश पाठवून इंजिन चालवायची पद्धत) बसवायचा विचार आहे. ३ मिलिमीटरचा पांढरा एलईडी आणून चाकांकडून रुळांतली वीज आणणाऱ्या तारांना थेट जोडला, तो क्षणात गेला. दुसरा एलईडी मधे रेझिस्टर (करंट आवरणारा भाग) लावून जोडला, तो लागला. पण उजेड निळसर आला, केबिनसकट इंजिनाचं सगळं नाक आतून उजळलं आणि धावताना दिवा सारखा फडफडू लागला. हे नीट कसं करायचं?

या चारही गोष्टींची कारणं वेगळी आहेत आणि चारही सुटण्यासारख्या आहेत. मी बरीच वर्षं हे काम करतो आहे, स्वतःच्या इंजिनांवर आणि मित्रांच्याही. विजेची जोडणी अर्ध्या तासात होते. खरा वेळ जातो तो उजेड किती हवा हे ठरवण्यात आणि तो नको तिथे जाऊ न देण्यात. नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण याच दोन गोष्टी शेवटावर ढकलतात, आणि मग दिवा लागूनही इंजिन खेळण्यातलं दिसतं.

आधी एलईडी जळाला का, ते पाहू. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ ते ३.४ व्होल्ट लागतात. त्यापुढे व्होल्टेज जरासं वाढलं तरी करंट एकदम उसळतो, कारण एलईडीला स्वतःचा करंट आवरता येत नाही. बल्बला तो आवरता येतो. बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि करंट आपोआप बेतात राहतो. म्हणून १२ व्होल्टचा बल्ब रुळांवर थेट जोडला तरी चालायचा आणि एलईडी चालत नाही. मधे रेझिस्टर हवाच. हिशेब सोपा आहे. रुळांवर १२ व्होल्ट, त्यातले ३.२ एलईडीने घेतले, उरले ८.८. हे उरलेले व्होल्ट रेझिस्टरने पेलायचे. तो १ किलोओहमचा असेल तर करंट होतो ८.८ मिलिअँपिअर आणि रेझिस्टरमध्ये जेमतेम ०.०८ वॉट उष्णता होते. त्यामुळे अगदी छोटा, अष्टमांश वॉटचा रेझिस्टरही पुरतो.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. साध्या डीसीवर इंजिन मागे न्यायचं म्हणजे रुळांची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटते. तेव्हा एलईडी विझतो, त्यातून करंट वाहत नाही. करंटच नाही म्हटल्यावर रेझिस्टरवर व्होल्टेज पडत नाही, आणि पूर्णच्या पूर्ण १२ व्होल्ट उलट्या दिशेने एलईडीवर येऊन बसतात. बहुतेक एलईडींची उलटं व्होल्टेज सोसायची मर्यादा ५ व्होल्टच्या आसपास असते. म्हणजे रेझिस्टर असूनही मागे जाताना तो मार खातच राहतो. एखादा महिनोन्‌महिने तग धरतो, एखादा पहिल्याच दिवशी जातो.

उपाय फार सुंदर आहे. दोन एलईडी एकमेकांना उलटे, समांतर जोडायचे. एकाचा लांब (पॉझिटिव्ह) पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला, आणि उरलेले दोन पायही तसेच. एक झाला पुढचा दिवा, दुसरा मागचा. दोघांना मिळून एकच रेझिस्टर पुरतो, कारण एका वेळी एकच पेटतो. पेटलेला एलईडी विझलेल्या जोडीदारावर ३ व्होल्टच्या फार वर काही येऊच देत नाही. दिशेप्रमाणे दिवे बदलणं आणि दोघांचं रक्षण, दोन्ही कामं एकाच जोडणीत होतात. मागचा दिवा नकोच असेल तर त्या जागी १एन४१४८ सारखा साधा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा लावा. कोणता पाय कुठे, हेही सांगतो. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या मानकाप्रमाणे इंजिनाच्या पुढच्या दिशेला तोंड केल्यावर उजव्या हाताचा रूळ पॉझिटिव्ह झाला की इंजिन पुढे जातं. म्हणून पुढच्या दिव्याचा लांब पाय उजव्या चाकांच्या बाजूला यायला हवा.

आता रेझिस्टर किती ओहमचा? इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण माझ्या मते सगळ्या कामाचा जीव इथे आहे. ८.८ मिलिअँपिअर एलईडीला मानवतात, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ते फार होतात. आजचा कुठलाही बरा एलईडी १ ते २ मिलिअँपिअरवर हेडलाइटला पुरेल इतका उजेड देतो. शिवाय आपला डोळा उजेडातला फरक पटीत ओळखतो. करंट निम्मा केला तरी ‘जरा कमी झाला’ एवढंच वाटतं. त्यामुळे १ किलोऐवजी १.२ किलो लावून काहीच हाती लागत नाही, उडी मोठी घ्यावी लागते. ४.७ किलोला १२ व्होल्टवर करंट येतो १.९ मिलिअँपिअर, १० किलोला जेमतेम ०.९.

हा आकडा कागदावर ठरवू नका, डोळ्यांनी ठरवा. मी १ किलोचा एक पक्का रेझिस्टर घेतो आणि त्याच्या मागे २२ किलोचा पोटेन्शिओमीटर (मूठ फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) जोडतो. पक्का रेझिस्टर यासाठी की मूठ शेवटपर्यंत फिरली तरी एलईडी वाचावा. एलईडी इंजिनाच्या नाकात तात्पुरता टेकवून ठेवायचा, खोलीत नेहमी गाड्या चालवताना असतो तेवढाच उजेड ठेवायचा, आणि इंजिन जितक्या अंतरावरून आपण एरवी पाहतो तितक्या अंतरावर उभं राहायचं. मग मूठ हळूहळू फिरवायची. एक जागा अशी येते की दिवा लागलेला स्पष्ट कळतो, तरी इंजिनाचं नाक, रंग, नंबर सगळं दिसत राहतं. त्याच्या अलीकडे नुसती चकाकी असते आणि पलीकडे दिवा मिणमिणता होतो. तिथे थांबा, सगळं सुटं करा, मल्टिमीटरने रोध मोजा आणि सहज मिळणाऱ्या आकड्यांतला जवळचा घ्या: २.२, ३.३, ४.७, ६.८ किंवा १० किलो. माझ्या बहुतेक डिझेल इंजिनांत शेवटी ४.७ ते १० च्या मधलाच काहीतरी बसला आहे. डीसीवर व्होल्टेज वेगाप्रमाणे बदलतं, म्हणून ही पारख १२ व्होल्टवर न करता गाडी नेहमीच्या वेगाने धावते तेवढ्या व्होल्टेजवर करा.

निळसरपणाचं कारण एलईडीच्या पोटात आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळं फॉस्फर फासलेलं असतं आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. लाल एलईडी १९६२ पासून आहे, पण झगझगीत निळा यायला १९९३ उजाडलं. शुजी नाकामुरा यांनी तो करून दाखवला, आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि इसामु अकासाकी, हिरोशी अमानो यांना मिळून मिळालं. फॉस्फरचा थर पातळ असला की निळा वरचढ होतो. तुम्ही आणलेला एलईडी ‘कूल व्हाइट’ असणार. जुन्या डिझेलवर खरे दिवे टंगस्टनच्या तारेचे, पिवळट उजेडाचे होते, त्यामुळे २७०० ते ३००० केल्व्हिनचा ‘वॉर्म व्हाइट’ घ्या. दुसरा आणायचा नसेल तर आहे त्याच्या तोंडावर पारदर्शक नारिंगी रंगाचा अगदी पातळ हात द्या. तामियाचा एक्स-२६ त्यासाठी चांगला. एक हात द्या, वाळू द्या, पेटवून बघा, लागला तरच दुसरा द्या. दाट झाला तर दिवा सिग्नलसारखा दिसायला लागतो. ज्या आधुनिक इंजिनांवर खरोखरच एलईडीचे हेडलाइट आहेत, त्यांच्या मॉडेलला मात्र थंड पांढराच शोभतो.

आकाराकडे वळू. अमेरिकी डिझेलवर वर्षानुवर्षं पार-५६ नावाचे सीलबंद दिवे असत. नावातला ५६ हा व्यास आहे, एक अष्टमांश इंचांत मोजलेला. म्हणजे ७ इंच, १७८ मिलिमीटर. एचओचं प्रमाण १:८७, तेव्हा मॉडेलवर तो दिवा २ मिलिमीटरचा हवा. एन स्केलमध्ये, १:१६० ला, १.१ मिलिमीटरचा. तुमचा ३ मिलिमीटरचा एलईडी खऱ्या इंजिनावर २६१ मिलिमीटरचा होईल. वाफेच्या इंजिनावरच्या मोठ्या पेटीसारख्या दिव्याला तो चालून जातो, पण डिझेलच्या नाकावर तो डोळे वटारल्यासारखा दिसतो. म्हणून नाकात एलईडी बसवूच नका. एलईडी आत, चासीवर (खालच्या सांगाड्यावर) ठेवा आणि नाकापर्यंत उजेड प्लॅस्टिकच्या ऑप्टिकल फायबरने न्या. याचा मोठा फायदा नंतर कळतो. बॉडी आणि चासी यांच्यात एकही तार राहत नाही, तेल द्यायला बॉडी उचलली तर ती अलगद सुटी होते.

जुन्या बॉडीवर दिवा बहुधा भरीव, नुसता उठाव दिलेला असतो. त्याच्या मध्यावर सुईने खोलगट खूण करा, नाहीतर ड्रिल घसरून जातं. मग हाताने फिरवायच्या ड्रिलमध्ये १ मिलिमीटरचं टोक लावून सरळ भोक पाडा आणि पुढचं टोक घेऊन ते १.५ पर्यंत वाढवा. विजेचं ड्रिल नको, प्लॅस्टिक वितळून भोकाला ओठ येतात. बाहेरून काउंटरसिंक केल्यासारखी किंचित खोलगट कड ठेवा.

आता १.५ मिलिमीटरचं फायबर घ्या. कोऱ्या पात्याने त्याचं टोक काटकोनात कापा. सोल्डरिंग आयर्न तापवून त्याच्या अंगापासून २-३ मिलिमीटरवर हे टोक धरा, चिकटवू नका, आणि बोटांत सावकाश फिरवत राहा. दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. मग टोक ओलसर झाल्यासारखं चमकतं, आखडून मागे येतं आणि बघता बघता त्याची घुमटी होते, लहानशा कुत्र्याच्या छत्रीसारखी. ती २ मिलिमीटरची झाली की लगेच बाजूला घ्या. थंड झाल्यावर तिचा पृष्ठभाग काचेच्या भिंगासारखा गुळगुळीत असतो. हेच तुमच्या दिव्याचं भिंग. पहिले चार-पाच तुकडे वाकडे होतील, तेवढं फायबर जास्तच घ्या. फायबर बाहेरून आत सरकवा, घुमटी कडेवर बसेल. आतल्या बाजूने पांढऱ्या पीव्हीए गोंदाचा किंवा मॉडेलच्या काचा चिकटवायला वापरतात त्या पारदर्शक गोंदाचा थेंब लावा. सायनोअॅक्रिलेट म्हणजे सुपरग्लू इथे कटाक्षाने टाळा. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी बुरशीसारखी बसते आणि फायबरला बारीक तडेही जातात. आतलं टोक कोऱ्या पात्याने सपाट कापून एलईडीच्या समोर, जवळजवळ टेकेल असं आणा. फायबर वळवावं लागलं तर वळण ऐसपैस ठेवा, कोपरा आला की उजेड तिथेच बाहेर सांडतो.

ज्यांना फायबर न्यायला जागाच नाही त्यांनी एसएमडी (पायांशिवायचा, अगदी बारीक) एलईडी वापरावा. ०६०३ आकाराचा एलईडी १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा असतो, ०४०२ चा १ बाय ०.५. हे आकडे वाचून घाबरू नका, पद्धत धरली की जमतं. काचेच्या तुकड्यावर दोन्हीकडून चिकटणारी टेप लावा आणि एलईडी त्यावर पालथा ठेवा. ०.१ मिलिमीटरची इनॅमलची तार दोन रंगांत घ्या, म्हणजे पॉझिटिव्ह कोणती हे पुढे शोधत बसावं लागत नाही. ३९० अंशांच्या आसपास तापलेल्या टोकावर सोल्डरचा गोळा धरून तारेचं शेवट त्यात बुडवा. वरचं वार्निश धूर होऊन जातं आणि तार चंदेरी होते. एलईडीच्या दोन्ही पॅडवर सोल्डरचा ठिपका आधीच देऊन ठेवा. मग आयर्नची उष्णता कमी करून, ३३० च्या आसपास, तार ठिपक्यावर टेकवा आणि एक सेकंदही न थांबता उचला. जास्त रेंगाळलात तर पॅड सुटून येतो. दोन्ही तारा लागल्या की त्यांना पीळ द्या आणि ३ व्होल्टच्या सीआर२०३२ बटण सेलवर तपासा. मंद का होईना, पेटला पाहिजे.

आतून उजळणाऱ्या नाकाचं काय? मॉडेलची बॉडी पातळ पॉलिस्टायरिनची असते आणि बाहेरून कितीही रंगवलेली असली तरी ती उजेड झिरपू देते. हे तपासायला खोलीत पूर्ण अंधार करून दिवा पेटवा आणि सावकाश सगळीकडून बघा: केबिनच्या काचा, छताचा सांधा, पंख्याच्या जाळ्या, नाकाचं पातळ टोक. जिथे दिसेल तिथे पेन्सिलने खूण करा. मग बॉडीच्या आत काळ्या मॅट रंगाचे दोन हात द्या. फायबरवर आणि एलईडीवर काळी श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवा, एलईडीच्या पाठीलाही काळा रंग लावा, कारण उजेड मागूनही सुटतो. काळ्यावर चंदेरी किंवा पांढरा हात दिला तर परावर्तनाने दिवा थोडा उजळ होतो, पण चंदेरी एकट्याच्या जोरावर सोडू नका. पिवळी कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप तारा दाबायला उत्तम, उजेड अडवायला निरुपयोगी, ती आरपार दिसते. काही जण अॅल्युमिनियम फॉइल लावतात. ती उजेड पूर्ण अडवते हे खरं, पण ती वीज वाहून नेते आणि एखादं सुटं टोक तिला लागलं की शॉर्ट होतो. मी ती वापरणं सोडून दिलं आहे.

जुन्या पद्धतीचा बल्ब वापरायचा मोह काहींना होतो, त्याचा उजेड खरोखर छान असतो. पण १२ व्होल्टचा गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब ६० मिलिअँपिअर घेत असेल तर ती ०.७ वॉट उष्णता आहे, आणि ती बंद नाकात साचते. माझ्या पहिल्यावहिल्या इंजिनात मी असा बल्ब छताला टेकवून बसवला होता. एका संध्याकाळी ते पाहुण्यांना दाखवायला तासभर उभं ठेवलं. दुसऱ्या दिवशी छतावर नखाएवढा खळगा होता, आणि तो अजूनही आहे. ते इंजिन मी मुद्दाम दुरुस्त केलेलं नाही, नवीन कुणी शिकायला आलं की आधी तेच हातात देतो.

आता फडफड. बल्बची तार क्षणभर वीज गेली तरी तापलेली राहते, त्यामुळे चाकांचा खराब संपर्क बल्बच्या काळात दिसतच नसे. एलईडी त्याच क्षणी विझतो आणि रुळांवरचा प्रत्येक मळका ठिपका दाखवून देतो. म्हणून पहिला इलाज स्वच्छतेचा. चाकं आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि चाकांना टेकणाऱ्या पट्ट्या खरंच टेकतात का ते बघा. जुन्या इंजिनांत सगळी चाकं वीज घेत नाहीत. शक्य असेल तर फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्ट्या लावून उरलेल्या चाकांवरूनही वीज घ्या. यातून मोटरही गुळगुळीत चालायला लागते, ते वेगळंच. एवढं करूनही फडफड उरली तर प्रत्येक दिव्याला स्वतंत्र डायोड आणि त्यापुढे २२० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा. ४.७ किलोच्या रेझिस्टरबरोबर त्याची साठवण सुमारे एक सेकंद पुरते. हा डायोड उलटं व्होल्टेजही अडवतो, त्यामुळे उलटसुलट जोडीची गरज राहत नाही. फक्त दिशा बदलल्यावर जुना दिवा एखादा सेकंद रेंगाळून विझेल.

डीसीवर एक अडचण शेवटपर्यंत राहते. गाडी सुरू होताना रुळांवर ३-४ व्होल्टच असतात आणि तेवढ्यात पांढरा एलईडी जेमतेम जागा होतो. म्हणजे गाडी आधी हलते आणि दिवा मागाहून येतो, खऱ्याच्या अगदी उलट. जुने लोक यावर मोटरच्या वाटेत डायोड बसवत. एकामागे एक दोन डायोड ठेवले की त्यांच्यावर साधारण १.४ व्होल्ट कायम पडतात, मोटर मंद असो की जोरात, आणि तेवढ्यावर दीड व्होल्टचा बारीक बल्ब स्थिर उजेडाने जळतो. दोन्ही दिशांसाठी तशीच दुसरी जोडी उलटी लावायची. डायोडांमधून मोटरचा सगळा करंट जातो, म्हणून १ अँपिअरचे १एन४००१ हे कमीत कमी, जुन्या जाड मोटरला ३ अँपिअरचे. पांढऱ्या एलईडीला हीच युक्ती करायला पाच डायोड लागतात आणि मोटरचे साडेतीन व्होल्ट त्यात जातात. तुम्ही डीसीसीकडे जाणारच असाल तर ही खटपट करू नका, कारण तिथे हा प्रश्नच उरत नाही.

डीसीसीत रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, फक्त ते सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतं. ‘१’ हा बिट पाठवताना अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असते, ‘०’ ला ती किमान १०० च्या आसपास लांबते. त्यामुळे तुमची आजची उलटसुलट जोडी तशीच डीसीसीच्या रुळांवर नेली तर पुढचा आणि मागचा दोन्ही दिवे एकाच वेळी पेटलेले दिसतील. तिथे दिवे डिकोडरलाच (आदेश ओळखून मोटर आणि दिवे चालवणाऱ्या, इंजिनातल्या छोट्या सर्किटला) जोडावे लागतात. तारांचे रंग एनएमआरएने ठरवून दिलेत: लाल आणि काळी चाकांकडून, नारिंगी आणि करडी मोटरकडे, निळी सगळ्या दिव्यांची समाईक पॉझिटिव्ह, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा. एलईडीचा लांब पाय निळ्याकडे, आखूड पाय रेझिस्टरमधून पांढरीकडे किंवा पिवळीकडे. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या, कारण पुढे कधी दोन्ही दिवे एकदम लावावेसे वाटतील. समांतर एलईडींना मिळून एक रेझिस्टर लावला तर उजेड कधीच सारखा वाटला जात नाही.

जुन्या इंजिनात बहुधा चासीच एका रुळाशी जोडलेली असते आणि मोटरचा एक ब्रशही चासीला टेकलेला असतो. तो आधी वेगळा करा, आणि मल्टिमीटरने खात्री करा की मोटरच्या दोन्ही टोकांचा कुठल्याही चाकाशी संबंध उरलेला नाही. दिव्यांच्या तारांनाही हाच नियम. माझा एक डिकोडर केवळ यामुळे गेला की रेझिस्टरचा अर्ध्या सेंटिमीटरचा उघडा पाय, बॉडी बसवताना दबून, चासीला लागला. तेव्हापासून मी रेझिस्टरच्या दोन्ही पायांवर स्लीव्ह चढवल्याशिवाय पुढे जात नाही. पितळेच्या वाफेच्या इंजिनांत हा धोका दुप्पट, कारण तिथे इंजिनाचं सगळं अंग एका रुळाचं आणि टेंडर (मागचा कोळशा-पाण्याचा डबा) दुसऱ्या रुळाचं असतं.

आणखी एक बिघाड असा आहे की लोक विनाकारण सगळं सोल्डर उकलून बसतात. डिकोडर बसवला, दिवा लागला, पण वेग वाढवत नेला की दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो. हा तारांचा दोष नाही. डिकोडर १४ पायऱ्यांच्या वेगावर आणि कमांड स्टेशन (रुळांवर आदेश पाठवणारं यंत्र) २८ पायऱ्यांवर ठेवलेलं असतं. जुन्या १४ पायऱ्यांच्या पद्धतीत वेगाच्या आदेशातलाच एक बिट हेडलाइटसाठी राखलेला होता, २८ च्या पद्धतीत तो वेगाची मधली पायरी दाखवतो. म्हणून एकाआड एक पायरीला दिवा विझतो. सीव्ही २९ मध्ये (डिकोडरच्या क्रमांक दिलेल्या सेटिंगांपैकी एकीत) ६ लिहा, लांब पत्ता वापरत असाल तर ३८, आणि दिवा स्थिर होईल. डिकोडरमधून दिवा मंद करायचीही सोय असते, पण रेझिस्टर नीट निवडून मगच तिला हात लावा. डिकोडर दिवा मंद करतो तो भराभर लावून-विझवून, आणि व्हिडिओ काढताना त्याचे पट्टे उमटतात.

तुमच्या इंजिनाबाबत एक गोष्ट आजच करून ठेवा. दोन्ही एलईडींच्या मिळून चार तारा चासीवर एका छोट्या प्लगपर्यंत आणा, आणि उलटसुलट जोडणी आणि रेझिस्टर त्या प्लगच्या पलीकडच्या बारक्या पट्टीवर ठेवा. बॉडीच्या आतल्या काळ्या रंगावर पांढऱ्या पेन्सिलने रेझिस्टरचा आकडा आणि पॉझिटिव्ह तारेचा रंग लिहा. डीसीसी बसवायच्या दिवशी ती पट्टी काढून त्या जागी निळी, पांढरी, पिवळी आणि दोन रेझिस्टर येतील. नाकातल्या घुमटीला आणि आतल्या काळ्या रंगाला हात लावायची वेळ येणार नाही.